मांडवपरतणीची पंगत

"हे लगीन व्हतं का बिरोबाची जत्रा?" सावळाराम पुन्हा तेच बोलला आणि पान थुंकायला मांडवाच्या कडेला सरकला.

गेनबा पत्रावळी मांडत राहिला. सोजराचं, त्याच्या लेकीचं, लगीन होऊन चार दिवस झाले होते आणि थोरल्या भावाचं हे तुणतुणं काही थांबत नव्हतं. भोरचा बेंडबाजा सांगितला नाही. वरच्या धनगरवाड्यातला म्हादू आणि त्याचे गडी ढोल घेऊन आले आणि मांडवापुढं गजी नाचले. रंगीत कागदाच्या पताका नाहीत. त्याच्या बायकोनं, रतनबाईनं, सुगीपासून जपलेल्या भाताच्या लोंब्यांची तोरणं बांधली, त्यातली निम्मी एव्हाना चिमण्यांनी फस्त केली होती. आणि बुंदीच्या जागी गुळाची खीर. लढाईच्या दिवसांत साखर औषधाला मिळत नव्हती, पण सावळारामाला सांगतो कोण?

"मिळत न्हाई म्हणं! मिळवायची आसती, गेन्या."

भाताला तेवढं त्यानं नाव ठेवलं नव्हतं. "बरा व्हता," म्हणाला होता. आता सावळारामाच्या तोंडून 'बरा' निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटण्यातलीच गोष्ट!

गेनबाला स्वतःला लगीन झ्याक वाटलं होतं. ढोल घुमायला लागला, पांढरे अंगरखे गरगर फिरायला लागले, तेव्हा वऱ्हाडातलं एक पोर जागचं हललं नव्हतं. आठवलं की अजून त्याचे पाय आपसूक ताल धरत. घोर होता तो एकच. लेकीचं सासर, उत्रोली, पडलं भोरच्या वेशीला, तिथल्या लोकांचे कान बेंडाला सरावलेले. त्यांनी नावं ठेवली तर ती गेनबाला थोडीच ऐकावी लागणार होती? ऐकणार सोजरा. उठता बसता, जन्मभर. आज मांडवपरतणीला लेक-जावई जेवायला यायचे होते. लेकीचं तोंड बघितलं की सगळं कळणार होतं.

दुपार व्हायच्या आत गाडी आली. सोजरा उतरली, पदर पार नाकापर्यंत ओढलेला. मागून जावई रायबा, आणि त्याच्यामागं त्याची आत्या बाळाबाई. विधवा होऊन माहेरी राहिलेली ही बाई. उत्रोलीचं सगळं घर तिच्या शब्दावर चाले. सोजरानं बापाकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ आत आईकडं गेली. 

पंगत बसली. सोजरा भाताची परात घेऊन वाढायला आली. बाळाबाईनं चार घास खाल्ले, मांडवभर नजर फिरवली आणि तोंड उघडलं.

"इवाई, राग मानू नका, पर उत्रोलीत लोक आजून हसत्यात. येक पताका न्हाई, बेंड न्हाई, धनगर नाचिवले. मला इचारत्यात, लगीन व्हतं का बिरोबाची जत्रा?"

सोजरा जागच्या जागी थबकली. गेनबानं हात जोडले. मुलीची बाजू ती, पडतीच असायची. 'चुकलंमाकलं पदरात घ्या' हे शब्द अगदी ओठावर आले होते.

"जत्रा?" सावळाराम ताडकन उठला. वाढल्या पानावरून उठू नये, हे त्याला सांगायची कुणाची छाती होती? "इहीणबाई, सुगी सरली की म्हादूची मेंढरं आमच्या खाचरात बसत्यात. त्या लेंड्यांवर आमचा भात पिकतो. तो भात माझ्या भावानं दोन सालं कणगीत जपला, टंचाईत सुदीक हात लावला न्हाई, आन तुमच्या वऱ्हाडाला वाढला. ज्याच्या जिवावर पिकलं त्याचाच ढोल मांडवात वाजला. भाड्याचं येक माणूस न्हवतं तिथं! आन तोरणाचं म्हणाल, तर तुमच्या कागदाच्या पताकेला चिमणी तरी शिवती का?"

गेनबा बघतच राहिला. चार दिवस ज्या ज्या गोष्टीला नावं ठेवली, तीच एकेक उचलून हा डोक्यावर घेत होता. आणि 'माझ्या भावानं' म्हणाला होता, चारचौघांत. गेनबाची छाती अभिमानानं भरून आली आणि त्याच वेळी पाचावर धारण बसली. आत्याबाई आता पानावरून उठली, तर लेकीनं कुठं जायचं?

बाळाबाईचा हात पत्रावळीवरच थांबला होता.  रायबा हळूच खाकरला.

"आत्या, खरं सांगायचं तर त्या दिशी भात तू दोनदा मागून घेतलास."

बाळाबाईनं भाच्याकडं असं बघितलं की तो घाईघाईनं आमटी भुरकायला लागला.

मग सोजरा पुढं झाली. डोक्यावरचा पदर तिनं मागं सारला, आणि गेनबाला चार दिवसांनी लेकीचं तोंड दिसलं. पोर रडत नव्हती. ताठ मानेनं उभी होती.

"काका, तुमी खाली बसा बघू," ती म्हणाली. "आत्याबाईंना भात वाढायचाय मला."

सावळाराम बसला. बाळाबाईनं नव्या सुनेला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पत्रावळ तिच्यापुढं सरकवली.

"वाढ," म्हणाली. "पर हात आखडू नगंस."