वाया न गेलेलं काडतूस

"डब्यावर नेम धरून बघायचं असेल तर आत्ताच सांगा, मी बंदुका उचलतो," जहूर म्हणाला. आखातातल्या या बंदराच्या बाजारातला दुकानदार, मूळचा श्रीवर्धनचा. त्याने दोन्ही बंदुका गोणपाटावर शेजारी शेजारी निजवल्या. "लढाई लागल्यापासून मुंबईची बोट नाही नि कराचीचीही नाही. अख्ख्या उम्म अल कुवैनमध्ये बावीस बोअरची काडतुसं उरलीत ती माझ्या या खिशात. बार काढाल तो कशाला तरी लागला पाहिजे, नूरभाई."

नूरुद्दीन उकिडवा बसला. त्याच्या पाठीमागे किनाराभर तारली मासळी वाळत पडली होती. रात्री कोल्हे उतरत आणि सकाळी अर्धं वाळवण चिवडलेलं असे. बंदूक घ्यायची हे ठरलं होतं, कुठली ते ठरत नव्हतं. एक नवी, चकचकीत, बार निघाला की आपली आपण भरणारी. दुसरी जुनी, दर बाराला हाताने खटका ओढायची.

"नवीला माल चांगला लागतो," जहूर म्हणाला. "ही काडतुसं दमट हवेत पडून आहेत. नवी नखरे करील. जुनी मिळेल ते खाते."

"तुझ्या तोंडचं नको. डोळ्यांनी दाखव."

नूरुद्दीनची बायको कुबरा असरची, दुपार कलतानाची नमाज आटोपून घराच्या दारात आली ती नेहमीसारखी अर्धी भाकरी हातात घेऊन. तिची मागची दोन मुलं मशिदीमागच्या वाळूत पुरलेली होती. या खेपेला पोटात हालचाल जाणवली त्या दिवशी तिने नियत केली होती, बाळ कुशीत येईपर्यंत रोज असरनंतर आपल्या ताटातली अर्धी भाकरी एका भुकेल्या जिवाला द्यायची. पहिल्याच दिवशी आली ती पालथ्या होडीखाली व्यालेली तांबडी कुत्री. तेव्हापासून तीच येत होती.

नूरुद्दीनने भाकरीकडे पाहिलं, मग होडीकडे.

"तिला हाक मार," तो म्हणाला.

कुबराला आधी कळलंच नाही. कळलं तशी भाकरी तिने ओढणीआड घेतली. "आवो, ती तारलीला तोंड लावत नाही. रात्री कोल्ह्यांवर भुंकते ती तीच."

"मग बरंच झालं. आता बंदूक भुंकेल."

जहूर हसला. "भाभी, पुरुषमाणूस दिसला की ती लांब पळते. लांबून मारायचं तर दोन-तीन काडतुसं जायची. तुम्ही बोलावलंत तर एकात खलास."

"माझी नियत आहे," कुबरा म्हणाली. "तुम्हांला ठाऊक आहे कशासाठी."

"नियत भुकेल्या जिवाची ना? बाजारात फकीर काय कमी आहेत?" नूरुद्दीनचा आवाज चढला नाही. "हाक मार. का मी होडीखाली हात घालून पिल्लं बाहेर काढू? तशीही येईल."

कुबराने हाक मारली. मारली म्हणजे ओठ हलवले इतकंच. समुद्राच्या आवाजात ती विरून जाईल अशा बेताने तिने "लाली" म्हटलं. होडीखालून तांबडं तोंड बाहेर आलं. थानं हेलकावत कुत्री धावत आली, पुरुषांना बघून थबकली, आणि कुबराला बघून पुढे झाली. हातातून भाकरी कधी गळली ते कुबराला समजलं नाही. लाली खाऊ लागली.

नूरुद्दीनने नवी बंदूक खांद्याला लावली. चाप ओढला.

टिक्.

लालीने मान वर केली. शेपटी एकदा हलवली आणि पुन्हा भाकरीला तोंड लावलं.

"वाचवलं अल्लाने!" कुबरा खालीच बसली. "बघितलंत ना? त्याच्या मनात नाही. आता सोडा तिला, हात जोडते."

नूरुद्दीनची बंदूक खाली आली. त्याने जहूरकडे पाहिलं. क्षणभर त्यालाही ते खरं वाटलं असावं.

जहूरने मात्र नवी बंदूक त्याच्या हातून घेतली, काडतूस काढलं आणि उजेडात धरलं. "काही झालेलं नाही. या काडतुसाची आग बुडाच्या काठाला असते. पिन बसली तिथे दारू नव्हती, एवढंच. दुसऱ्या अंगाने असेल." त्याने काडतूस बोटांत जरासं फिरवलं, तेच जुन्या बंदुकीत घातलं, खटका ओढून लावला आणि बंदूक नूरुद्दीनच्या हाती दिली. "यल्ला, मारा."

आवाज फार मोठा झाला नाही. फळी मोडावी तेवढाच. लाली बसावी तशी बसली आणि मग आडवी झाली. भाकरीचा तुकडा दातांतच होता.

"बघा," जहूर म्हणाला. "नवीने टाकलेलं हिने कामाला लावलं. तंगीच्या दिवसांत हीच घ्या."

"हीच," नूरुद्दीन म्हणाला. त्याने दस्त्यावरची वाळू मायेने पुसली. पालथ्या होडीखालून कुईकुई ऐकू येऊ लागली होती. त्याने कान दिला आणि खिशाकडे जाणारा जहूरचा हात धरला.

"छे. पिल्लांवर काडतूस कशाला? बालदीभर पाणी पुरे." मग तो कुबराकडे वळला. "बोलाव त्यांना."

कुबराने तोंड दाबून धरलं, दोन्ही हातांनी, आवाजाचा कणही निसटू नये म्हणून.

हातांना भाकरीचा वास होता. पिल्लं हाकेची वाट न बघता निघाली होती, धडपडत, एकमेकांच्या अंगावरून, आईला वळसा घालून थेट कुबराच्या पायांपाशी.