तोच आकडा

मोरीत नुसता पाय घसरून तिच्या आईच्या खुब्याचं हाड मोडलं, त्याच वर्षी तिची स्वतःची पाळी गेली. तिने धसका घेतला आणि वजनं उचलायचा वर्ग लावला. दोन वर्षांनी हाडांची तपासणी पुन्हा केली, तर घनतेचा आकडा अगदी तोच.

"एवढा घाम गाळून जैसे थे?" दवाखान्याच्या बाकावर नवरा म्हणाला. "घरी लोळली असतीस तरी हाच आला असता."

डॉक्टरीणबाई दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिल्या. तिने खुर्ची पुढे ओढली.

"काही वाईट आहे का?"

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"माझीही पाळी तेव्हाच गेली. मी काहीच केलं नाही, माझा आकडा चार टक्क्यांनी उतरलाय. तुमचा वर्ग किती वाजता असतो?"