मधला गंधार

“थांब! हा गंधार ना कोमल, ना शुद्ध. असला बेसूरपणा माझ्या घरात चालणार नाही!” असं म्हणत अण्णा गवयांनी पोटच्या लेकीला गिटारसकट घराबाहेर काढलं होतं.

जॅझमधला तोच गंधार रागदारीत मिसळून तिनं देशोदेशीच्या मैफली गाजवल्या. आज मिरजेचं नाट्यगृह गच्च भरलं होतं आणि न बोलावता आलेले अण्णा पहिल्या रांगेत ताठ बसले होते.

तिनं मुद्दामच तार ओढली आणि सूर दोन गंधारांच्या मधोमध नेला.

“थांब!” समोरून आवाज कडाडला.

तिची बोटं तारेवरून सुटली. ड्रमवालाही थबकला.

अण्णांचे डोळे मिटलेले होते. “अगं, सोडतेस काय? त्या गंधारावर थांब, पोरी. पोटभर ऐकू दे की!”