चढणीवरची सुई

इंजिनाच्या तापमानाची सुई पुन्हा लाल रेघेकडे सरकली आणि जावयाने ट्रक कडेला घेतला.

जागा तीच. चढण सुरू होते तिथली, बंद कारखान्याची पडकी भिंत. मागे फरशांचा माल, पुढे रिकामा रस्ता.

"आली का महाराणींना उचकी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"जरा निवू द्या, आई." जावई उतरला, बॉनेट उघडून त्यात डोकं खुपसून उभा राहिला.

आता थांबलोच आहोत तर पाय मोकळे करावेत, म्हणून मालकीणबाई गुडघे धरत भिंतीपलीकडे फेरी मारून आल्या. येताना त्यांनी इंजिनात डोकावून बघितलं. ना वाफ, ना खदखद. पाण्याच्या कॅनला जावयाने हातसुद्धा लावला नव्हता. त्या आल्या तसं त्याने बॉनेट लावलं. ट्रक सुरू झाला आणि सुई गरीब गाईसारखी खाली बसली.

मालकीणबाईंनी ते मनात टिपून ठेवलं. त्या गप्प बसल्या की घरातली मांजरंसुद्धा जागा बदलायची.

ट्रक नवऱ्याच्या हातचा. तो गेला, पोटी एकच लेक, म्हणून जावई घरात आणला आणि स्टिअरिंग त्याच्या हाती दिलं. विश्वास मात्र दिला नाही. तो काही किल्लीसारखा खिळ्याला टांगलेला नसतो. प्रत्येक फेरीला त्या शेजारच्या सीटवर. सकाळी बीपीची गोळी, वर लेकीने भरून दिलेली पाण्याची मोठी बाटली, आणि निघाल्या. तुम्ही घरी आराम करा, असं जावई एकदा म्हणाला होता, त्यावर त्यांनी त्याला ऐकवलं होतं की याच सीटवर बसून मी आख्खा मुलूख पालथा घातलाय, आणि माझ्यासाठी गाडी थांबवा असं उभ्या जन्मात तोंडातून काढलेलं नाही.

ते 'आराम करा' त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. म्हातारी घरात बसवायची, गाडी आजारी दाखवायची, भंगारात घालायची, आणि मग धंदा आपल्या नावाने. ओसरी दिली की पाय पसरायचेच.

शेवटी त्यांनी ट्रक गॅरेजात न्यायला लावला. मिस्तरीने सगळं तपासलं. इंजिनातला सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरला, ठीक निघाला. मग त्याने समजावलं, की सेन्सरपासून सुईपर्यंत एकच तार जाते, आणि ती मध्येच कुठे लोखंडाला टेकली तर इंजिन गार असलं तरी सुई लाल होते. तो स्वतः भरला ट्रक घेऊन चढण चढून आला. काही नाही. जावई एकटा गेला तेव्हाही काही नाही.

"बाई, तुम्ही बसलात तरच हिला ताप चढतो," मिस्तरी हसत म्हणाला.

"चढणारच. मलाच दाखवायचाय ना," मालकीणबाई म्हणाल्या. "डॅशबोर्ड खोल."

डॅशबोर्ड खोलला. त्या एका तारेला दुसरी तार जोडलेली निघाली. ती खाली उतरून क्लचच्या बाजूला, रबरी चटईखाली गेली होती. तिथे दारावरच्या घंटीचं बटण. मिस्तरीने पायाने दाबलं. बंद इंजिनाची सुई लाल रेघेकडे चालू लागली.

मिस्तरीने जीभ चावली.

मालकीणबाईंनी जावयाला तिथेच बोलावलं. लेकही मागोमाग आली. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, की खाल्ल्या घराचे वासे मोजायचे ते मोजायचे, पण मेलेल्या माणसाच्या गाडीवर खोटं आजारपण कशाला?

जावयाने बटणाकडे बघितलं, मग बायकोकडे. ती काही बोलायला गेली, त्याने नकारार्थी मान हलवली.

"गाडी उत्तम आहे, आई," तो म्हणाला. "विकू नका."

"मग हे कशासाठी?"

जावयाने किल्ली बॉनेटवर ठेवली.

रात्री लेकही पेटी भरताना दिसली. उद्या संध्याकाळच्या गाडीने दोघं जाणार होते. मालकीणबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, की चोराच्या मागे जायचं तर खुशाल जा. लेकीने घड्या घालणं थांबवलं नाही. "दहा मिनिटं गाडी थांबायची, आई. काय जात होतं तुझं?" एवढंच ती म्हणाली. सकाळी मात्र गोळी आणि भरलेली बाटली नेहमीच्या जागी होती.

नवा ड्रायव्हर चुणचुणीत होता. तार काढून टाकली होती, सुई मधोमध स्वस्थ. तो आपल्याच हुशारीवर खूश होता. वाटेत कुठेही न थांबता माल पोचवून दाखवतो, म्हणाला. मालकीणबाईंनी त्याला शाबासकी दिली, गोळी घेतली, बाटली रिकामी केली.

मैल मागे पडत गेले. मालकीणबाई आधी बोलत होत्या, मग हूं हूं करू लागल्या, मग नुसत्याच बसल्या. खड्डा आला की सकाळचं बाटलीभर पाणी ओटीपोटात जड व्हायचं आणि त्यांची मूठ दांडीवर आवळायची. एकदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. चढण दिसायला लागली. पलीकडे ती पडकी भिंत. ड्रायव्हरने गिअर बदलला, वेग काही कमी केला नाही.

मालकीणबाईंची नजर क्लचशेजारी गेली. रबरी चटईवर बटणाचा गोल ठसा राहिला होता. त्या ठशाकडे बघतच राहिल्या.

"थांबव," त्या म्हणाल्या. "सुई चढलीय."

ड्रायव्हरने वाकून पाहिलं. सुई मधोमध, ढिम्म. "कुठे चढलीय, बाई?"

मालकीणबाई भिंतीकडे बघत होत्या. डोळ्यांना पदर लागला होता.

"जावई असता," त्या म्हणाल्या, "तर त्याला दिसली असती."