आभार मानणारे चिमोटेकाका

वाचनालयाच्या व्याख्यानाला आलेले पाहुणे दीड तास बोलले, पण सभागृहातल्या एकाही खुर्चीचा दिवा लागला नाही. ऐकणाऱ्याचं मन भाषणात असलं तरच त्याच्या खुर्चीचा दिवा लागे, आणि ज्याचे दिवे जास्त, त्यालाच दिवे मोजणारं मशीन पुढचा कार्यक्रम देई. मागून चहाचा वास येऊ लागला, तसे चिमोटेकाका नेहमीप्रमाणे आभार मानायला उठले. "शेवटी," ते म्हणाले, आणि सभागृह लख्ख उजळलं.

कार्यवाह मृणालताई हरखल्या. "काका, पुढच्या महिन्यात वक्ते तुम्हीच."

आयुष्यभर उठून निघालेल्या माणसांचे आभार मानत आलेल्या काकांनी लगेच होकार दिला.

पुढच्या महिन्यात काका कडक इस्त्रीचा कुर्ता घालून 'आपलं गाव' या विषयावर बोलू लागले. पाचच मिनिटांत सगळा अंधार. काकांनी घाम पुसला आणि ते भीतभीत म्हणाले, "शेवटी..." सगळे दिवे लागले. ते मंदावू लागताच काका म्हणाले, "शेवटी एवढंच सांगतो." असे ते दोन तास बोलले.

मशीनने वर्षभराची व्याख्यानमाला काकांना देऊन टाकली. सभासद तक्रार घेऊन आले.

"आता हरकत कसली घेता?" मृणालताई म्हणाल्या. "दिवे तुमच्याच खुर्च्यांचे लागले होते."