पिंपाचा वास

अनसाबाईंनी पिंपाचं झाकण काढलं आणि वाकून जोरात श्वास ओढला. कसलाच वास नाही.

कडुनिंब, करंज, निरगुडी, घाणेरी असा दहा झाडांचा पाला गोमूत्रात कुजवायचा आणि वासानं डोळ्यांत पाणी आलं की गाळून फवारायचा. पिकावरच्या बुरशीला त्यांचं हेच औषध. पण यंदाच्या तापानंतर त्यांना वास येणंच बंद झालं होतं. सुनेला सांगायची सोय नव्हती. ती दुकानातली पावडर आणायला टपलेलीच होती. इकडे काकडीच्या वेलांवर पांढरी भुरी चढत होती, आणि कच्चा अर्क मारून उपयोग नव्हता.

चौथ्या दिवशी शेजारची शेवंता पदर खोचून कुंपणापाशी आली. या पिंपावरून दोघींचं दरवर्षी कडाक्याचं भांडण ठरलेलं.

"काय मेलंय तुमच्या पिंपात, अनसाबाई? घास उतरंना घशाखाली!"

अनसाबाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "लई घाण मारतंय?"

"डोळ्यांतनं धारा लागल्यात माझ्या!"

अनसाबाईंनी सुनेला पंप काढायला हाक मारली आणि शेवंताला म्हणाल्या, "तुझ्या तोंडात साखर पडो गं बाई!"