अंधांसाठी खास सोय

सरकारी कचेरीत बोलणारा कॉम्प्युटर आला, तेव्हा अंध माणसाला तो कितपत वापरता येतो हे सांगणारं ब्रेलमधलं पत्रकही वरून आलं. ते ऐकून रेश्मा साळवे श्रीरामपूरला आली. अंधशाळेत ती ब्रेल शिकवायची, तीही हंगामी. कायम नेमणुकीचा तिचा अर्ज याच कचेरीत अडकला होता. तो कुठं आहे, हे तिला एकदाचं त्या कॉम्प्युटरवर स्वतः बघायचं होतं.

क्लार्कनं तिचं नाव-काम विचारून घेतलं आणि पत्रक हातात दिलं. तिनं त्यावरून बोटं फिरवली, मग कागद उलटून पुन्हा फिरवली.

"भाऊसाहेब, हा कागद कोरा आहे."

"कोरा कसा आसंल, बाई? ठिपके मला हितनं दिसतायत की."

"तुम्हाला दिसतायत. माझ्या बोटांना काहीच लागत नाही."

"मूळ प्रत साहेबांच्या कपाटात हाय. हात लागून खराब व्हती. तुमच्या लोकांसाठी मुद्दाम पन्नास झेरॉक्स काढल्यात."

"झेरॉक्सवर ठिपके उठत नाहीत, भाऊसाहेब."

"आता तुमी आमाला शिकवणार?"

"माझं कामच आहे ते," म्हणत तिनं कागद टेबलावर ठेवला आणि काठी उघडून ती निघाली.

ती फाटकाबाहेर पडेपर्यंत क्लार्कनं, वर्षभर कुणालाच न सापडलेला तिचा अर्ज शोधून काढला आणि वळणदार अक्षरात त्यावर शेरा मारला: 'उमेदवारास ब्रेल वाचता येत नाही.'